रमाबाईंची आठ वर्षं : नवख्रिस्ती माणसाची पहिली पावलं कुठल्या कागदावर शोधायची?

धर्मांतरावर पीएच.डी. करायची ठरवलेल्या विद्यार्थ्यांचे संशोधन आराखडे वाचलेत, तर एक वाक्य हमखास सापडतं : ‘अमुक साली अमुक व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.’ त्याआधी ‘कारणे’ नावाचं प्रकरण असतं आणि त्यानंतर ‘परिणाम’ नावाचं. मधली जागा मोकळीच राहते. बाप्तिस्मा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसानं काय केलं? प्रार्थना कुठल्या भाषेत केली? जेवायला काय घेतलं? एखादी शिकवण पटली नाही तेव्हा कुणाला विचारलं, आणि समोरच्यानं ते ऐकून घेतलं का? श्रद्धेतली पहिली पावलं म्हणतात ती हीच, आणि नेमकी तीच आपल्या प्रबंधांतून गळतात.

गळण्याचं एक कारण साधनांत आहे. या पावलांविषयीचा बहुतेक मजकूर खूप उशिरा लिहिलेला असतो, किंवा चालायला शिकवणाऱ्यानं लिहिलेला असतो. चालणाऱ्यानं चालता चालता लिहिलेला कागद फार कमी वेळा हाती लागतो. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे, कारण दोन्ही तऱ्हेचे कागद उपलब्ध आहेत. त्यांनी १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेली साक्ष आहे आणि १८८३ पासूनची त्यांची पत्रंही आहेत. दोन्हींत व्यक्ती तीच, पण पहिल्या पावलांचं चित्र वेगळं. साक्ष हे लेखन म्हणून कुठे सकस आहे, कुठे पातळ होतं आणि त्यावरून आपण काय लिहू शकतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी तारखा

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये वैधव्य आलं. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेव्हा त्यांचं वय होतं पंचवीस.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात अध्ययन-अध्यापन, १८८६ मध्ये अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग पुणे आणि अखेरीस केडगावचं मुक्ती मिशन. साक्ष आली १९०७ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनी.

संशोधनाची तयारी करताय तर ही सवय आत्ताच लावून घ्या. प्रत्येक साधनापुढे तीन तारखा लिहायच्या : घटना कधी घडली, ती लिहिली कधी, छापली कधी. साक्षीच्या बाबतीत १८८३ आणि १९०७ यांच्यात चोवीस वर्षांचं अंतर आहे. पत्रांच्या बाबतीत घटना आणि लेखन यांत फार तर काही दिवस किंवा महिने जातात, मात्र छपाई होते ती १९७७ मध्ये. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला तो खंड महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रकाशित केला. साक्षीत लिहिणाऱ्या बाईंना पुढे काय घडलं ते सगळं माहीत आहे. पत्रं लिहिणाऱ्या बाईंना उद्या काय होणार हेही ठाऊक नाही. वाचताना हा फरक नजरेआड होऊ देऊ नका.

साक्ष काय सांगते

साक्षीची बांधणी सोपी आणि ठाशीव आहे. लहानपण, तीर्थयात्रा, दुष्काळ, देवांनी हाक न ऐकल्याची निराशा. मग कलकत्ता : धर्मशास्त्रं वाचताना स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी तिथे काय लिहिलंय ते दिसणं आणि विश्वास ढळणं. लग्नानंतर बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान हाती येणं. मग इंग्लंड. लंडनमधल्या फुलहॅम इथे, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी सिस्टरांनी चालवलेलं काम पाहणं. अशा बायकांना कुणी प्रेमानं जवळ करतं हे पाहून त्या कारण विचारतात, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवली जाते. बुद्धीच्या पातळीवरच्या शंकांना उत्तर मिळतं ते नेहेम्या गोरे यांच्याकडून. हे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, स्वतः बाप्तिस्मा घेतलेले पंडित. मग बाप्तिस्मा होतो.

आणि इथे साक्षीतला सगळ्यात प्रसिद्ध मुद्दा येतो. रमाबाई सांगतात, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं जावी लागली. या वळणावर त्या एका पुस्तकाचा उल्लेख करतात : विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन.

हॅसलम कोण, ते माहीत असलं की साक्षीचा साचा लख्ख दिसतो. हा कॉर्नवॉलमधला चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री. कित्येक वर्षं पाद्री म्हणून काम केल्यावर १८५१ मध्ये, व्यासपीठावर स्वतःचंच प्रवचन चालू असताना त्याचं परिवर्तन झालं, अशी त्याची कथा. म्हणजे नावाचा ख्रिस्ती आधीपासून होता, खरा ख्रिस्ती नंतर झाला. एकोणिसाव्या शतकातल्या इव्हँजेलिकल लेखनात हा साचा फार लोकप्रिय होता. रमाबाईंनी तो वाचला आणि स्वतःची १८८३ ते १८९१ ही वर्षं त्या उजेडात पाहिली.

यावरून रमाबाईंनी अनुभव उसना घेतला असा निष्कर्ष काढू नका. अनुभव त्यांचाच आहे. तो मांडायला हाताशी आलेली भाषा मात्र हॅसलमच्या परंपरेची आहे. कुठलाही माणूस आपलं आयुष्य उपलब्ध साच्यांतूनच सांगतो. संशोधकानं साचा ओळखायचा, आणि साच्यात न मावणारं काय बाहेर पडलं ते शोधायचं.

बाहेर काय पडलं

आता पत्रं उघडा. इथे भेटणारी बाई साक्षीतल्या शांत निवेदिकेपेक्षा बरीच वेगळी आहे. ती भांडते. मुख्य पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, ज्या त्यांच्या धर्मगुरू, पालक आणि आश्रयदात्या अशा सगळ्याच भूमिकांत होत्या.

पहिलं भांडण ताटातलं. बाप्तिस्मा घेतला तरी रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. सिस्टरांना हा जातीचा अभिमान वाटतो. रमाबाईंचं उत्तर खणखणीत आहे. जातीचे संस्कार म्हणता तर आहेत, असं त्या सरळ कबूल करतात आणि उलटा सवाल टाकतात : एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांमध्ये राहायला गेली आणि तिनं आपले रीतिरिवाज सोडले नाहीत, म्हणून तिला कुणी गर्विष्ठ म्हटलं तर तिला कसं वाटेल?

दुसरं भांडण भाषेचं. क्रॉसवरची अक्षरं लॅटिनमध्ये असावीत की संस्कृतमध्ये? रमाबाई संस्कृतला धरून बसतात. संस्कृत पवित्र आहे म्हणून हा आग्रह नाही, हे त्या मुद्दाम स्पष्ट करतात. ती आपल्या देशाची सगळ्यात जुनी आणि सुंदर भाषा आहे, एवढंच त्यांचं कारण. शिवाय चिमटाही काढतात : ब्राह्मणांना संस्कृत देवाची भाषा वाटते, तसं तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं की काय?

तिसरं भांडण सगळ्यात मोठं, अधिकाराचं. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना शिकवला गेला त्या रूपात पटत नाही. बायबलमध्ये जे दिसतं ते मानीन, चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, अशी त्यांची भूमिका आहे. १८८५ च्या एका पत्रात त्या म्हणतात, की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं जोखड चढवून घ्यायची इच्छा नाही. मनोरमेला धर्मशिक्षण कुणी द्यायचं, कसं द्यायचं, यावरूनही खटके उडतात. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, याबद्दल भारतातल्या बिशपांचं मत मागवलं जातं आणि ते विरोधात येतं. त्यावरही रमाबाई भडकतात.

तर ही त्यांची पहिली पावलं. अन्न, भाषा, अधिकार, मूल, काम. साक्षीत या वर्षांच्या वाट्याला थोडी जागा येते आणि भांडणांचा हा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. १९०७ च्या रमाबाईंच्या लेखी तो काळ ‘अजून सापडला नव्हता’ या एका वाक्यात मावतो. पत्रांत मात्र तोच काळ एका विचारी बाईच्या धार्मिक आयुष्याचा सगळ्यात गजबजलेला काळ आहे. जिला श्रद्धेशी देणंघेणंच नाही, ती त्रैक्यावर पानंच्या पानं का लिहील?

लेखन म्हणून साक्षीवर माझा मुख्य आक्षेप हाच. साक्षीतली निवेदिका आपल्याच तरुण रूपाला बोलू देत नाही. बाप्तिस्म्याच्या आधीच्या रमाबाईंना ती बोलू देते, आणि तो भाग किती जिवंत झालाय बघा. कलकत्त्यात ही भावंडं पहिल्यांदाच एका ख्रिस्ती मेळाव्याला जातात. आजूबाजूला मूर्ती कुठेच दिसत नाही. प्रार्थनेच्या वेळी सगळे खुर्च्यांपुढे गुडघे टेकतात. बहीणभावाला वाटतं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतायत! १९०७ च्या रमाबाई इथे मध्ये पडून त्या तरुणीची चूक दुरुस्त करत बसत नाहीत. तिला जे दिसलं ते तसंच ठेवतात. हाच मोकळेपणा त्यांनी वाँटेजच्या रमाबाईंना दिला असता, तर साक्ष कितीतरी मोठं पुस्तक झालं असतं.

मग साक्ष अशी का लिहिली?

टीका करायची तर हा प्रश्न टाळून चालत नाही. उत्तर १९०७ च्या केडगावात आहे. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून आलेल्या मुली आणि बायका तिथे राहत होत्या. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं आणि त्याची बातमी परदेशांत गेली. रमाबाई आता सिस्टर जेराल्डिनच्या जागी होत्या. त्यांच्यासमोर श्रद्धेत नवीन असलेल्या शेकडो मुली होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीला पहिली पावलं शिकवायची होती. म्हणजे साक्ष एका अर्थी नवख्रिस्ती लोकांसाठीचं पाठ्यपुस्तकच आहे. पाठ्यपुस्तक रस्ता सरळ करून दाखवतं. तिथे फाटे दाखवले तर मुलं चुकतात.

मराठीत हा प्रकार नवा नव्हता. थेट १६१६ मध्ये जा. गोव्यातल्या रायतूर इथून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ छापून बाहेर पडलं. ओवी छंदात, मराठीत, कोकणी शब्दांची पेरणी करत आणि रोमन लिपीत. साष्टी भागातल्या नवख्रिस्ती लोकांसाठी ते लिहिलं होतं. त्याच्या सुरुवातीला एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीगुरूला विचारतो : तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला दुसरं काही का देत नाही?

माझ्या मते हा त्या ग्रंथातला सगळ्यात खरा क्षण आहे, कारण नव्या श्रद्धेत आलेल्या माणसानं काय गमावलंय याची ती कबुली आहे. तत्त्वज्ञानाची अडचण त्याला नंतर येईल, आज त्याच्यासमोर संध्याकाळ रिकामी पडलीय. पण लक्षात ठेवा, हा प्रश्नसुद्धा गुरूनंच लिहिलाय. पुढेही श्रोते मध्येच उठून शंका विचारतात आणि गुरू त्यांचं निरसन करतो. कुणाही श्रोत्याची शंका शेवटपर्यंत शिल्लक राहत नाही. ग्रंथ त्यासाठीच रचलेला आहे.

नवख्रिस्ती माणसाविषयीचा कुठलाही मजकूर वाचताना ही कसोटी लावून पाहा : यात एखादा प्रश्न उत्तराशिवाय उरतो का? उरत नसेल तर मजकूर शिकवण्यासाठी लिहिलाय. त्यातून शिक्षकाचं मन कळेल. विद्यार्थ्याचं मन थोडंफार अंदाजानंच कळेल. उरत असेल तर तिथे शिकणाऱ्याचा आवाज असण्याची शक्यता वाढते. क्रिस्तपुराण पहिल्या गटात. साक्षीचा बाप्तिस्म्यानंतरचा भागही पहिल्याच गटात. वाँटेज-चेल्टनहॅमची पत्रं दुसऱ्या गटात, कारण शिष्येनं विचारलेले प्रश्न तिथे तसेच लोंबकळत राहतात. गुरूला उत्तर देता येत नाही आणि शिष्या मान डोलावत नाही.

पत्रांनाही डोक्यावर घेऊ नका

इथे काही जण उत्साहानं म्हणतील, ‘म्हणजे पत्रं खरी आणि साक्ष खोटी!’ असं लिहिलंत तर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक तुम्हाला सोलून काढतील, आणि ते योग्यच असेल.

पत्रांच्याही अडचणी आहेत. एक, रमाबाई त्या वेळी वाँटेजच्या सिस्टरांवर अवलंबून होत्या. राहायला छप्पर त्यांचं, मुलीची देखभाल त्यांची. आश्रयदात्याला लिहिलेलं पत्र आणि डायरी यांत फरक असतो. दोन, पत्रं इंग्रजीत आहेत. रमाबाई विचार कुठल्या भाषेत करत होत्या, हा प्रश्न उरतोच. तीन, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही : ही पत्रं गोळा करून लावून ठेवली ती सिस्टर जेराल्डिन यांनीच. त्यांनी त्यांना टिपणं जोडली आणि रमाबाईंच्या वागण्यावर शेरेही मारले. १९७७ च्या खंडाचा पाया तोच संग्रह आहे. म्हणजे शिष्येच्या हातातला पेन आपल्याला दिसतो खरा, पण कपाटाची चावी गुरूकडे आहे. पत्रं वाचताना प्रत्येक टिपणाशेजारी ‘हे कोण म्हणतंय?’ असं पेन्सिलीनं लिहीत चला.

आणखी एक आक्षेप श्रद्धावान वाचकाकडून येईल, आणि तो वजनदार आहे. तो म्हणेल, ‘स्वतःला ख्रिस्त कधी सापडला हे रमाबाईंना जास्त कळणार की तुम्हाला?’ उत्तर : अर्थात रमाबाईंना. आपल्या आयुष्याचा अर्थ लावायचा पहिला हक्क त्यांचाच. १९०७ मध्ये त्यांनी लावलेला अर्थ खोडून काढायचा अधिकार संशोधकाला नाही. पण १८८५ मध्येही त्यांनी एक अर्थ लावला होता आणि तोही त्यांचाच होता. नंतरचा अर्थ आला म्हणून आधीचा रद्द होत नाही. दोन्ही तारखेसकट मांडायचे, बस.

लक्ष्मीबाईंचा वेगळा क्रम

तुलनेसाठी एक मजकूर शेजारी ठेवा : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. पुढे नगरला नवऱ्याजवळ आल्या तरी स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरचा.

इथे पहिलं पाऊल कुठलं आहे? पाणी. कुणाच्या हातचं प्यायचं, कुणाच्या हातचं नाही. जाती देवानं केल्या की माणसानं, याचा विचार लक्ष्मीबाई आपल्या आपणच करतात आणि जातीचा बंध सुटतो तो बाप्तिस्म्याच्या आधी. धर्मसिद्धान्ताची पोथी त्यानंतर उघडते. साक्षीत क्रम असा : बुद्धीला पटणं, बाप्तिस्मा, आठ वर्षं, मग ख्रिस्त. क्रिस्तपुराणात : बाप्तिस्मा, मग वाचायला पुराण. लक्ष्मीबाईंकडे : आधी हंडा, मग बाप्तिस्मा. तीन मजकुरांत ‘पहिलं पाऊल’ तीन वेगवेगळ्या जागी पडलंय.

‘स्मृतिचित्रे’ही उशिराचंच लेखन, १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलेलं. म्हणजे अंतर साक्षीपेक्षाही जास्त. तरीही लक्ष्मीबाईंची तरुणपणीची चिडचिड, रडणं, हट्ट हे सगळं कागदावर शाबूत आहे. का? कारण त्या कुणाला पहिली पावलं शिकवायला बसलेल्या नाहीत. त्या स्वतःला हसतात आणि टिळकांनाही हसतात. यातून आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट निघते : काळाचं अंतर जास्त म्हणजे मजकूर कमी विश्वासार्ह, असं सरळ गणित नसतं. लिहिण्याचा हेतू हा वेगळा घटक आहे. तारखांच्या रकान्याशेजारी ‘कुणासाठी लिहिलं’ असा चौथा रकाना करा.

हे एवढं का महत्त्वाचं?

कारण धर्मांतर हा आपल्याकडे निव्वळ अभ्यासाचा विषय राहिलेला नाही. त्यावर कायदे होतात, सभा होतात, माणसांना त्रास होतो. आणि रमाबाईंची ‘आठ वर्षं’ दोन्ही बाजूंना सोयीची पडतात. एक बाजू म्हणते, ‘बघा, स्वतःच कबूल केलंय, बाप्तिस्मा घेतला तेव्हा श्रद्धा नव्हती. विधवा, परकी जागा, आश्रयाची गरज. दुसरं काय?’ दुसरी बाजू म्हणते, ‘ती वर्षं अंधाराची, खरी गोष्ट नंतर सुरू होते.’ दोघांचंही एका बाबतीत एकमत आहे : वाँटेजमधली पंचविशीची रमाबाई ऐकण्याच्या लायकीची नाही. एकाच्या लेखी ती फसलेली, दुसऱ्याच्या लेखी अजून न उमजलेली. पत्रं वाचली की या दोन्ही रमाबाई टिकत नाहीत. आश्रयावर राहत असताना आश्रयदात्याला ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला फसलेली कसं म्हणणार? आणि न उमजलेली म्हणावं, तर तिचे प्रश्न आजही धर्मशास्त्राच्या वर्गात विचारले जातात.

म्हणून प्रबंधात वाक्य कसं लिहिता, याला किंमत आहे. ‘१८९१ पर्यंत रमाबाईंची ख्रिस्तावर श्रद्धा नव्हती’ असं लिहू नका, ते साधनांतून निघत नाही. ‘१९०७ मध्ये रमाबाई आपल्या बाप्तिस्म्यानंतरच्या सुमारे आठ वर्षांना अपुरी मानतात. त्याच वर्षांतली त्यांची पत्रं मात्र अन्न, भाषा आणि चर्चचा अधिकार यांवरचा सततचा धार्मिक वाद दाखवतात’ असं लिहा. वाक्य लांब झालं, वजनही जरा कमी झालं, पण उद्या ते कुणी उचलून भलत्या कामाला वापरू शकणार नाही. निदान सहजासहजी नाही.

सुरुवात करायची असेल तर एक छोटा अभ्यास सुचवते. साक्ष एका बैठकीत वाचून काढा, ती फार मोठी नाही. मग ती बाजूला ठेवून १८८३ ते १८८६ ची पत्रं आठवडाभर रोज थोडी थोडी वाचा. जेराल्डिनबाईंची टिपणं पहिल्या वाचनात सोडून द्या, दुसऱ्या वाचनात घ्या. शेवटी साक्षीकडे परत या आणि तिच्यात कुठे कुठे थांबून ‘इथे काहीतरी राहिलंय’ असं वाटतं, तिथे खूण करा. त्या खुणांची यादी घेऊन गाईडकडे जा. विषय निवडलाय म्हणून नुसतं सांगण्यापेक्षा ती यादी समोर ठेवलीत, तर बोलणं लवकर पुढे सरकेल.